तो चुरा कचरा नव्हता

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ६१. ३४ वर्षं डाक खात्यात होते, त्यातली बरीचशी रेल्वे मेल सर्व्हिसच्या छाननीत, पुणे स्टेशनला. झाडांची आवड लहानपणापासून, पण नोकरी आणि घर यात तिला कधी वेळ देता आला नाही. म्हणून निवृत्तीनंतर शहरातल्या एका वनस्पती संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. मंगळवार आणि शुक्रवार, चार महिने झाले. वाटलं होतं, बागेत काम मिळेल, झाडं ओळखायला शिकेन. मिळालं काय, तर रद्दी एका मापात कापायची, वाळलेली झाडं कागदावर चिकटवायची आणि जुन्या लेबलांवरचा मजकूर कॉम्प्युटरवर उतरवायचा. गेल्या शुक्रवारी डबा खायच्या आधी टेबल पुसलं, तेव्हा झाड चिकटवलेल्या एका कागदावरून, म्हणजे शीटवरून, सांडलेला चुरा कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिथे पीएचडी करणारी मुलगी सगळ्यांसमोर ओरडली, "काकू, तुम्हाला हात लावायला कोणी सांगितलं होतं?" मग डबा उपडा करून जमिनीवर बसून शोधत राहिली. मी घरी येऊन रडले. एवढ्या नोकरीत साहेबसुद्धा माझ्याशी असं बोलले नव्हते. मुलगा म्हणतो, ही फुकटची वेठबिगारी आहे, सोडून दे. शिवाय तिथल्या डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं चढतं ते वेगळंच. सोडू का?
एक वाचक, कोथरूड

उत्तर

ताई,

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. सोडू नका. निदान त्या शुक्रवारच्या दुखण्यावरून तर नकोच. सोडायला रास्त कारणंही असू शकतात, त्यांच्याकडे पुढे येते.

तुमच्याशी चारचौघांत असं बोलायला नको होतं. त्या मुलीने नंतर जवळ येऊन दोन शब्द बोलायला हवे होते, आणि तुम्ही घरी येऊन रडलात यात मला काही वावगं वाटत नाही. पण डबा उपडा करून ती खाली बसली, हे तुम्हीच लिहिलंय, आणि पत्र वाचताना मी तिथे थांबले. ती काय शोधत होती, हे चार महिन्यांत तुम्हाला कोणीही सांगितलेलं नाही. माझ्या मते खरी चूक ती आहे, आणि ती तुमचीही नाही आणि एकट्या त्या मुलीचीही नाही.

पुढच्या वेळी गेलात की कुठलंही जुनं शीट नीट बघा. रिकाम्या कोपऱ्यात कागदाची एक छोटी पुडी चिकटवलेली सापडेल, देवळात अंगाऱ्याची देतात तशी. शीटवरून जे जे गळेल ते त्या पुडीत जातं. पाकळी, बी, पानाचा तुकडा, सगळं. कासच्या पठारावर पावसाळा सरताना पांढऱ्या गुंड्यांसारखी फुलं दिसतात ना, तो गेंद. सह्याद्रीत त्याच्या कितीतरी जाती आहेत आणि वरवर बघितलं तर सगळ्या जुळ्या बहिणी. त्यांच्यातला फरक कळायला बी सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याच्या सालीवरची नक्षी बघावी लागते. बी असतं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. टेबलावर पडलं तर धूळच वाटणार, कोणालाही वाटेल. आता डीएनए तपासायची सोय झाली आहे, आणि त्यासाठी जाणकार माणूस शीटवरचं पान तोडायच्या आधी पुडी उघडून बघतो. काही पुड्यांतला ऐवज पुन्हा मिळवताच येत नाही, कारण ते झाड जिथून आणलं त्या माळावर आज सोसायटी उभी आहे. तुमच्या हातून त्या दिवशी काय गेलं, किंवा कदाचित काहीच गेलं नाही, हे मला इथून सांगता येणार नाही. पण तिचा जीव का वरखाली झाला, ते तुम्हाला कळावं.

मी स्वतः वाळवलेल्या झाडांच्या अशा एका संग्रहात सहा पावसाळे काम केलं आहे, म्हणून हे अधिकाराने लिहिते आहे. पहिल्याच वर्षी माझ्या हातून जे झालं ते अजून मला बोचतं. घाटातून आणलेल्या नमुन्यांचा एक गठ्ठा माझ्याकडे सोपवला होता. प्रेसमधले, म्हणजे झाडं दाबून वाळवायच्या गठ्ठ्यातले, कागद रोज बदलायचे, एवढंच काम. गौरी घरी आल्या, पाहुणे आले, आणि तीन दिवस मी गेले नाही. चौथ्या दिवशी पट्टे सोडले तर आत पांढरी बुरशी. चाळीसएक झाडं गेली. चार माणसांनी भर पावसात दोन दिवस चालून ती गोळा केली होती. मला कोणी ओरडलं नाही. त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी नुसता गठ्ठा उचलला आणि बाहेर नेला. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं मला पुढे कित्येक महिने वाटत राहिलं.

म्हणून तुम्ही कापता त्या रद्दीबद्दल सांगते. आपल्याकडे बहुतेक लहान रोपं फुलतात ती जुलै ते सप्टेंबर, म्हणजे नेमकी जेव्हा काहीही वाळत नाही तेव्हा. झाड खुडल्यावर ते वर्तमानपत्राच्या घडीत पसरतात. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवतात, कारण पानाच्या पाठीवरची लव आणि शिरा नंतर बघता यायला हव्यात. फूल एक मिटलेलं, एक उघडून सपाट केलेलं. वर टिपकागद, मग पुठ्ठा, आणि पट्ट्याने गठ्ठा घट्ट आवळायचा. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदलले नाहीत तर पानं काळी पडतात, पाकळ्या कागदाला चिकटून बसतात. पुढे ते झाड ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चढतं, म्हणून तुमच्या रद्दीलाही माप आहे. एका चांगल्या पावसाळी फेरीला किती कागद लागतो ते एकदा मोजा. तुम्ही दोन तास बसून कापलेला ढीग आठवड्यात संपतो.

आता लेबलांबद्दल. तुमचं पत्र वाचताना मला खरा आनंद झाला तो इथे, आणि तुम्ही मात्र ते काम रद्दीच्याच रांगेत बसवलंय.

तुम्ही छाननीतल्या आहात. ओळीने खण, प्रत्येक खणाला एक गाव, हातात पत्रांची चळत आणि घाणेरडं अक्षर. संग्रहाचं कपाट उघडलंत की तेच दिसेल. खण, खणावर कुलाचं, म्हणजे झाडांच्या घराण्याचं, नाव, आत प्रजाती, प्रजातीत जाती. एखादं शीट चुकीच्या खणात गेलं तर ते हरवलंच म्हणायचं. चुकीच्या पोत्यात पडलेल्या टपालाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि जुन्या लेबलांवरची इंग्रजी गावं कशी असतात? पूना, किरकी, लानोली. विशीतल्या मुलांना किरकी म्हणजे खडकी हे सांगावं लागतं. तुम्हाला लागणार नाही.

माझ्या हाती एकदा एक लेबल आलं होतं. गाव नुसतं 'वडगाव'. तारीख पावसाळ्यातली, संकलकाचं, म्हणजे झाड गोळा करणाऱ्याचं, नाव, त्याचा क्रमांक, बस्स. कॉम्प्युटरवर आधी कोणीतरी ते वडगाव शेरी म्हणून टाकलेलं. आता आपल्या एका जिल्ह्यात वडगाव किती? वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव कांदळी, वडगाव आनंद, आणि ही यादी पुरी नाही. मी त्याच माणसाची बाकीची शीटं शोधायला बसले. संकलक आपल्या नमुन्यांना सहसा आयुष्यभर एकाच ओळीत क्रमांक देत जातो, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा क्रमांक मिळाला की त्या दिवशीची वाट सापडते. आधीचं शीट देहूचं निघालं, नंतरचं कार्ल्याचं. म्हणजे गडी पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेला, स्टेशनला उतरून आसपास हिंडत. वडगाव मावळच. मला हे शोधायला दीड दिवस लागला. ज्या बाईने गाड्यांच्या मार्गाप्रमाणे पत्रं लावली आहेत तिला किती लागला असता? अहो, ते झाड पूर्व पुण्याच्या सपाटीवर नोंदलं जातंय की मावळातल्या पावसात, यावर त्याच्याबद्दलचं पुढचं सगळं अवलंबून. कोणी उद्या ते शोधायला निघालं तर कुठे जाईल?

अशी लेबलं म्हणजे जुना कागद उतरवणं एवढंच नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे, प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर इंग्लंडात बसून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला आणि महाराष्ट्रातलं झाड ओळखताना अभ्यासक आजही तो उघडतात. त्यात ठिकाणाच्या आणि संकलकाच्या नावापुढे जागोजागी उद्गारचिन्ह दिसतं. त्याचा अर्थ, हा नमुना मी स्वतः पाहिला आहे. हजारो मैलांवर बसून ते चिन्ह टाकता आलं, कारण इथल्या कोणीतरी झाड वाळवून, चिकटवून, लेबल लावून जपलं होतं. ज्यांनी कागद कापले त्यांची नावं त्यात नाहीत, हे मला नेहमी खटकतं, आणि त्याबद्दल तुम्हाला पुढे एक सांगायचंही आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची स्थापना १८९० ची, त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र कोरेगाव रोडवर १९५५ पासून आहे, आगरकर संशोधन संस्थेचं मूळ १९४६ चं. या शहरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि तुम्ही ज्या खुर्चीत बसता तिथे तुमच्याआधीही कोणीतरी बसलेलं होतं.

लेबलं उतरवताना एक पथ्य पाळा. जुनं नाव चुकीचं वाटलं तरी स्वतः सुधारू नका, आहे तसंच लिहा. जुन्नर भागात १९ व्या शतकात सापडलेली आपली शिंदळ माकुडी वनस्पतींचा अभ्यासक डाल्झेलने मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांच्या नावावरून फ्रेरिया म्हणून नोंदवली. अलीकडे अभ्यासकांनी तिला दुसऱ्या प्रजातीत, बाउसेरोसियात, हलवलं. अशा वेळी शीटवरचं मूळ नाव कोणी खोडत नाही. नव्या नावाची चिठ्ठी शेजारी चिकटवतात, खाली सही आणि तारीख. एकेका शीटवर अशा तीन-तीन चिठ्ठ्या मिळतात, आणि त्या वाचत गेलं की शंभर वर्षांचा वाद डोळ्यांसमोर उभा राहतो. तुम्हाला आवडेल ते.

मुलाच्या बोलण्याला मी उडवून लावणार नाही. तो आईसाठी बोलतोय आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पगारी माणसाची जागा रिकामी ठेवून ती स्वयंसेवकांवर भागवण्याची खोड काही ठिकाणी असते. ते ओळखायचं कसं? तुम्ही एक दिवस गेला नाहीत तर तुमच्याकडे खुलासा मागतात का? काम दिलं पण ते कशासाठी हे विचारल्यावर टाळतात का? शिकवायला कोणालाच कधीच वेळ नसतो का? तिन्हींना हो म्हणालात तर मुलगा बरोबर आहे, आणि मग मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही.

पण तुम्ही अजून विचारलेलंच नाही, असं पत्रावरून वाटतं. तुम्ही सरकारी नोकरीत वाढलात, दिलेलं काम खाली मान घालून केलंत. इथे तसं करू नका. संग्रहाच्या प्रमुखांना दहा मिनिटं मागा आणि स्पष्ट बोला. म्हणा, मी आठवड्यातले दोन दिवस देते, त्या प्रत्येक दिवशी अर्धा तास मला कोणीतरी झाड शिकवावं. महिन्याला एक कुल घेतलं तरी चालेल. डाळवर्गीयांपासून सुरुवात करा म्हणा, स्वयंपाकघरात निम्मी ओळख झालेलीच आहे. दुसरं, जे शीट तुम्ही चढवलंत किंवा जी नोंद तुम्ही उतरवलीत, तिथे तुमचं नाव राहील अशी सोय करायला सांगा. कॉम्प्युटरमधल्या नोंदीत त्यासाठी एक रकाना सहज ठेवता येतो. यात मोठेपणा मिरवणं नाही. नोंदीत काही शंका आली तर कोणाला विचारायचं हे पुढच्याला कळायला हवं. तिसरं, पावसाळ्यातल्या एका तरी फेरीला सोबत न्या म्हणा. तुम्हाला चढ जमत नसेल तर पायथ्याशी बसून प्रेस भरा, ते काम तिथे कोणीतरी करावंच लागतं.

आता जे मी आईच्या हक्काने सांगावं असं आहे. तुम्ही त्याच टेबलावर डबा खाता! ताई, हे आजपासून बंद. पूर्वी शीटांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायची पद्धत होती. ते पाऱ्याचं विष आहे, आणि जुन्या कागदांवर ते अजून असतं. कुठल्या शीटला लावलंय हे नुसत्या डोळ्यांनी दर वेळी कळत नाही. जुन्या शीटांना हात लावताना हातमोजे मागून घ्या, नसतील तर घरून न्या. पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती पहिली सोडा. जेवायला दुसऱ्या खोलीत जा, आणि जायच्या आधी साबणाने हात धुवा. डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं चढतं म्हणता, तर खिडकीजवळची जागा मागा आणि तासाभराने उठून बाहेर फेरी मारून या. तरी दुखायचं थांबलं नाही तर कपाटांच्या खोलीतलं काम नको, लेबलांचे फोटो घेऊन दुसऱ्या खोलीत बसून उतरवता येतात. संस्थेने हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. प्रमुखांशी बोलाल तेव्हा हा विषय सगळ्यात आधी काढा, शिकवण्याच्याही आधी.

बागेची हौस राहिली म्हणता, तर ती या कामाकडून पुरी करून घ्यायचा हट्ट सोडा. त्यासाठी रविवार आहे. कोथरूडहून वेताळ टेकडी तुम्हाला हाकेच्या अंतरावर. वनखात्याने लावलेल्या गिरीपुष्पाच्या रांगा ओलांडून पुढे गेलात की सालई, गणेरी, हेकळ अशी मूळची मंडळी भेटतात. पहिल्या पावसानंतर भुईआमरी वर येते. खुडू मात्र काही नका. संस्थेसाठीसुद्धा परवानगीशिवाय आणि दुर्मीळ असेल तर मुळीच नाही. सीझनवॉच नावाचा एक देशव्यापी उपक्रम आहे, त्यात एक झाड निवडून दर आठवड्याला त्याला पालवी, कळ्या, फुलं, फळं काय आहे ते नोंदवायचं असतं. तुमच्या सोसायटीतला बहावाही चालेल. तुम्हाला तारखा लिहायची सवय आहे, आणि ते काम सवयीचंच आहे. संग्रहातल्या जुन्या शीटवर फुलाची तारीख बघाल, घरी स्वतःच्या झाडाची लिहाल, तेव्हा दोन्हींचा मेळ लागायला लागेल. त्या जुन्या तारखा आज जगभर हवामानाच्या अभ्यासाला वापरतात, म्हणून लेबलावरचा महिना उतरवताना एकदा परत ताडून बघत जा.

राहिली ती मुलगी. मंगळवारी जाल तेव्हा ती कदाचित तुमची नजर चुकवेल. तुम्ही वयाने मोठ्या, सुरुवात तुम्हीच करा. पण आधी माफी मागू नका आणि हिशेबही मांडू नका. तिला इतकंच विचारा, "त्या दिवशीचं सापडलं का गं?" आणि मग, "कुठल्या झाडाचं होतं?"

पत्रात तुम्ही रद्दीबद्दल लिहिलंत, वासाबद्दल लिहिलंत, ती काय म्हणाली ते शब्दन्‌शब्द लिहिलंत. त्या झाडाचं नाव नाही. तिला ते शीट काढून दाखवायला सांगा. घरून येताना दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन जा, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल. आणि पुडी उघडायला लावून दोघी मिळून आत काय आहे ते बघा.